गरम इंजिनाचा सेल्फ

थोरल्या आणि धाकट्यात सात वर्षं बोलणं नव्हतं. गॅरेज मात्र एकच होतं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी हे गॅरेज पाहिलेलं नसावं. डावीकडे थोरल्याचं टेबल, त्यावर स्टार्टर, डायनॅमो, हॉर्न आणि तारांची भेंडोळी. उजवीकडे धाकट्याची इंजिनं, पोट उघडून पडलेली. मधल्या खांबावर एक पाटी. काही कळवायचंच झालं तर पाटीवर लिहायचं, तेही फक्त मोजमाप. 'प्लगचा गॅप पंचवीस.' 'पट्टा लहान पडतोय.' शिवीसुद्धा लिहायची नाही, कारण शिवी म्हणजे बोलणंच झालं.

कामाची वाटणी बाबांच्या वेळची. इंजिनवाल्याने तारेला हात लावायचा नाही, तारवाल्याने इंजिनाला. दोन पोरं एका गाडीवर कामाला लावली की पाने एकमेकांच्या डोक्यात घालतात, हे बाबांनी फार लवकर ओळखलं होतं. गाडीचं उजवं अंग, जिथे स्टार्टर आणि बॅटरी, ते थोरल्याचं. डावं अंग धाकट्याचं.

बाबांची स्वतःची एक गाडी होती, लांब नाकाची, त्यांच्या तरुणपणातली. त्यांच्या छातीत कळ आली त्या दुपारी दारातून बाहेर काढता येईल अशी तीच एक उभी होती. धाकटा चालवत होता, बाबा शेजारी, आई मागे. वाटेत रेल्वेचं फाटक पडलं. फाटकात इंजिन बंद करायचं ही बाबांचीच शिस्त, आणि छाती दाबून धरलेली असतानाही ते म्हणाले, "बंद कर." रेल्वे गेली, फाटक उघडलं, धाकट्याने किल्ली फिरवली, आणि स्टार्टरने नुसतं 'टक' केलं. पुन्हा फिरवली, पुन्हा टक. मागच्या गाड्यांतली माणसं उतरून ढकलायला लागली, पण फाटकाच्या चढावर जड गाडी वेग घेईना. दुसरी गाडी मिळेपर्यंत अर्धा तास गेला. बाबा त्या सीटवरच गेले.

"याच्या सेल्फने मारलं," धाकटा त्याच संध्याकाळी सगळ्यांदेखत म्हणाला. गॅरेजात स्टार्टरला कुणी स्टार्टर म्हणत नाही, सेल्फच म्हणतात, आणि तो सेल्फ थोरल्याने स्वतःच्या हाताने आतली तार नव्याने गुंडाळून बसवलेला होता.

"याच्या इंजिनाने मारलं," थोरला म्हणाला. कारण गाडी पळावी म्हणून धाकट्याने महिन्याभरापूर्वीच इंजिन उतरवून हेड घासून आणलं होतं, आणि त्यानंतर गाडी बाहेर निघाली ती त्या दुपारीच. हेड घासलं की सिलिंडरमधली जागा कमी होते, दाब वाढतो, गाडी पळते. पण असलं इंजिन तापलेलं असताना फिरवायचं म्हणजे सेल्फला ब्रह्मांड आठवतं. धाकटा मात्र शपथेवर सांगायचा, हेड नुसतं साफ केलं, केसभरही घासलं नाही. त्या दिवसापासून भाऊ बोलले नाहीत आणि गाडीला कुणी हात लावला नाही.

आई गॅरेजच्या वर राहायची. दुपारचं ताट थोरल्याकडून यायचं, संध्याकाळचं धाकट्याकडून. कुणाची बाजू तिने कधी घेतली नाही. दोघांनीही आपापल्या परीने तिला वळवून पाहिलं होतं, पण ती ताटातलं संपवून हात धुवायला उठायची. आणि एक दिवस तिने दोघांना जिन्याच्या पायरीशी उभं केलं.

"मला त्या गाडीत बसून फाटकापलीकडे जायचंय. एकदाच. ऐंशी झाली मला. तुम्ही बोला नाहीतर मुके राहा, पण गाडी चालू करून द्या."

महिन्याभरात धाकट्याने इंजिन माणसात आणलं. थंड असताना गाडी चालू व्हायची. तापली, बंद केली, की परत टक. सेल्फ बदलायचा यावर दोघांचं एकमत झालं, म्हणजे एकाने पाटीवर 'सेल्फ नवा' असं लिहिलं आणि दुसऱ्याने ते पुसलं नाही.

मेख इथेच होती. सेल्फ निवडणार थोरला, कारण ते काम त्याचं. नव्या सेल्फने तापलेलं इंजिन फिरवलं, तर जुना सेल्फ नालायक होता, म्हणजे बाबांना थोरल्याने मारलं. नव्यानेही नाही फिरवलं, तर दोष इंजिनाचा, म्हणजे धाकट्याने मारलं. हा सूर्य आणि हा जयद्रथ. आरोपीच्याच हातात कागद देऊन 'तूच निकाल लिही' म्हणावं, तशी थोरल्याची गत झाली. तीन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही.

चौथ्या दिवशी त्याने पाटीवर विचारलं, 'फ्लायव्हीलचे दात किती? कम्प्रेशन किती?'

उत्तर आलं, 'दात १३२. कम्प्रेशन पुस्तकात आहे तेवढं.'

ताकाला जाऊन भांडं लपवायची ही धाकट्याची जुनी खोड. खरा आकडा लिहिला की हेड घासल्याची कबुली झाली. पण खोटा लिहून आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय हे त्या शहाण्याच्या लक्षातच आलं नाही. पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे आणलेला सेल्फ या इंजिनापुढे जीभ बाहेर काढणार, निकाल इंजिनाविरुद्ध लागणार, आणि थोरल्याला विचारणारं कुणी नाही. पाटीवर जे लिहिलं तेच आणलं! थोरल्याच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

तरी धाकटा जेवायला गेला तेव्हा त्याने प्लग काढून एकेका सिलिंडरला दाबाचा गेज लावला. पुस्तकात दीडशे. गेजवर दोनशे पाच. चारही सिलिंडर, दोनशे पाच. केसभर म्हणे! अख्खी वेणी कापली होती.

धाकटा हात पुसत आला आणि प्लगवरचा पान्याचा नवा ओरखडा त्याने लांबूनच ओळखला. तो कार्ब्युरेटरकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "काही लोकांना दुसऱ्याच्या घरात चोरासारखं शिरायची सवय असते."

थोरला तारांना डाग द्यायच्या आपल्या कावियाशी बोलला. "चोराच्याच घरात शिरलं तर त्याला झडती म्हणतात."

कार्ब्युरेटर आणि काविया, दोघांनीही उत्तर दिलं नाही.

पार्ट्सचं दुकान एक बाई चालवायची. जुन्या गाड्यांचं तिला इतकं कळायचं की निम्मे मिस्त्री तिच्या काउंटरवर आपलं अज्ञान उघडं पडेल म्हणून चळचळा कापत. बाबांच्या गाडीची मूळ कंपनी कधीच बुडाली होती. आता मिळायचे ते दुसऱ्यांनी बनवलेले सेल्फ. बाईने दोन खोके उघडले.

"हा जुन्या घडणीचा. मोठा, जड, मोटर थेट दात फिरवते. मूळ सेल्फशेजारी ठेवून पाहिला तरी अस्सल कोणता, नक्कल कोणती कळायचं नाही. हा दुसरा गियरवाला. आत छोटी मोटर भरभर फिरते, आणि गियर तिचा जोर वाढवून देतो. वजन निम्मं, करंट कमी खातो, आणि अंगाने बारीक असल्यामुळे सायलेन्सरच्या आचेपासून लांब राहतो."

"कानामागून आला आणि तिखट झाला," थोरला म्हणाला.

"तापलेल्या इंजिनाला तिखटच लागतो. कम्प्रेशन किती तुमचं?"

"पुस्तकात आहे तेवढं."

बाईने चष्मा काढला. "मिस्त्री, पुस्तकातलं इंजिन असतं तर तुम्ही माझ्याकडे आला नसता. घरी बसून जुनाच सेल्फ गुंडाळला असता. खरा आकडा सांगा."

"पाटीवर तेवढंच लिहिलंय."

"मग पाटीलाच बसवा," बाई म्हणाली आणि तिने जड खोका पुढे ढकलला.

थोरल्याने तो स्कूटरच्या पायदानावर ठेवला आणि निघाला. पहिल्या वळणापर्यंत त्याला फार बरं वाटलं. टक होईल, धाकट्याचं तोंड उतरेल, सात वर्षांत ज्याने ज्याने आपल्याकडे तिरक्या डोळ्यांनी पाहिलं त्या सगळ्यांना चपराक बसेल. मग त्याला सुचू नये ते सुचलं. सेल्फ गॅरेजात फसला तर प्रश्नच मिटला. पण गॅरेजात कसाबसा, लंगडत पास झाला तर? आई मागच्या सीटवर बसणार. फाटक लागणार. आणि ती दुसऱ्यांदा त्याच सीटवर बसून तोच टक ऐकणार. भावाच्या नावाने तळतळाट करता करता त्याने स्कूटर वळवली. ज्याच्यासाठी खड्डा खणला होता तो सोडून भलतंच माणूस त्यात पडणार होतं, आणि याचाही राग त्याला धाकट्याचाच आला.

टोमणा मारल्यावाचून बाईला राहवेना. "पाटीने परत पाठवलं?"

"दोनशे पाच," थोरला म्हणाला. "चारही."

"अगं बाई!" बाई म्हणाली, आणि मग अर्धा तास दोघांनी शांतपणे बोल्टच्या भोकांचं अंतर आणि सेल्फच्या छोट्या चाकाचे, पिनियनचे, दात मोजले. गियरवाला सेल्फ घेऊन थोरला परतला तेव्हा स्वतःच्या गळ्याचा दोर स्वतःच विकत आणल्यासारखं त्याला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडीखालच्या खड्ड्यात उतरला आणि उजव्या अंगाला नवा सेल्फ चढवला. पिनियन आणि फ्लायव्हीलच्या दातांत किती फट राहते ते तार घालून पाहिलं, एक पातळ चकती घातली, पुन्हा पाहिलं. काम चोख झालं. धाकटा वर उभा राहून कधी घड्याळ बघत होता, कधी छत.

आई चपला घालून, पिशवी घेऊन खाली आली आणि कुणाच्या मदतीशिवाय मागच्या सीटवर बसली.

थंड इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं. धाकटा गालात हसला. वीस मिनिटं इंजिन तसंच ठेवलं, काटा चढला, बॉनेटवर हात ठेववेना. मग थोरल्याने ते बंद केलं आणि दोघे थांबले. नऊ मिनिटं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण फाटक त्या दिवशी नऊ मिनिटं बंद होतं, आणि हा आकडा दोघांनाही पाठ होता.

थोरल्याने किल्ली फिरवली.

टक.

थोरल्याला आनंद झाला. सांगायला लाज वाटते, पण झाला, पोटातून वर येणारा, ढेकरेसारखा. त्याने बाजारातला सगळ्यात चांगला सेल्फ आणला होता, प्रामाणिकपणे आणला होता, आणि तरी टक. सुटलो! त्याने पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा टक.

"मुद्दाम!" धाकटा ओरडला. सात वर्षांनी सख्ख्या भावाशी बोललेला पहिला शब्द. "मुद्दाम भंगार आणलंस!"

"भंगार तुझं हेड! दोनशे पाच दाब आहे, दोनशे पाच! आईच्या देखत सांग, किती घासलंस?"

"बाबांनीच सांगितलं होतं, गाडी पळू दे म्हणून!"

"हां, ढकल आता मेलेल्या माणसावर."

"मारलं कुणी त्यांना? नाचता येईना अंगण वाकडं! तुझा सेल्फ तेव्हाही मेलेला होता, आत्ताही मेलेलाच आहे. तूच मेलेला आहेस!"

"ये, ये पुढे. हातातला पाना घेऊन ये."

धाकट्याच्या हातात खरंच पाना होता आणि तो खांद्याच्या वर गेलेला होता. थोरला मागे सरकला नाही. पुढच्या सीटवर बसल्या बसल्या, नजर भावावरच ठेवून त्याने किल्लीला आणखी एक झटका दिला, भावाला खिजवायला म्हणून. टक.

"वास येतोय," आई मागून म्हणाली.

कुणी लक्ष दिलं नाही.

"वास येतोय म्हणते ना मी!" आईचा आवाज इतका चढलेला दोघांनी कधी ऐकला नव्हता. "त्या दिवशीही हाच येत होता. तेव्हाही मी सांगत होते. तेव्हाही तुम्हाला ऐकायला वेळ नव्हता."

थोरल्याने समोर पाहिलं. चोकच्या बटणाखालून बारीक धूर येत होता. त्याने बटणाला हात लावला आणि बोट भाजलं. चाळीस वर्षं तारांत काढलेला माणूस तो. बोटाची आग मेंदूपर्यंत पोचायच्या आत त्याला सगळं कळलं.

बॅटरीतून सेल्फला करंट जातो तसा तो परतही यावा लागतो. इंजिन रबराच्या गुटक्यांवर बसलेलं असतं, रबरातून करंट जात नाही, म्हणून इंजिनापासून गाडीच्या सांगाड्यापर्यंत तांब्याची विणलेली जाड पट्टी लावतात. अर्थची पट्टी. ती नसेल तर करंट सापडेल त्या वाटेने परततो, अगदी चोकच्या केसासारख्या तारेतूनसुद्धा. थंड इंजिनाला तेवढ्यात भागतं. तापलेल्याला भागत नाही, मग सेल्फ जुना असो की नवा.

तो खड्ड्यात उतरला आणि सात वर्षांत पहिल्यांदा गाडीच्या डाव्या अंगाला गेला. बोल्टचं भोक होतं. पट्टी नव्हती. भोकाच्या कडेला सात वर्षांचा गंज चढला होता. धाकटा मागोमाग उतरला आणि त्यानेही ते पाहिलं.

"इंजिन उतरवताना तू सोडलीस," थोरला म्हणाला.

"सोडली. सोडल्याशिवाय इंजिन निघतं का? पण लावायची तू. तारेला हात लावायचा नाही मला. मी तुझ्या टेबलावर ठेवली होती."

टेबलावर. 'मी पाहिलीच नाही' एवढे तीन शब्द बोलायचे होते, बस. थोरला ते बोललाही असता. पण खड्ड्याच्या काठावर, गाडीच्या उघड्या दारातून, आईचे पाय दिसत होते, आणि तिला प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

"पाहिली होती," तो म्हणाला. "तीन दिवस चहाच्या पेल्याखाली होती. ओळखलीही होती. न विचारता हेड घासायला नेलंस म्हणून तेव्हा तुझा राग होता मला. म्हटलं, ज्याने सोडली तो मागायला येईल. मग एक दिवस टेबल साफ करताना भंगारात टाकली."

"आणि मी समजलो तू लावलीस."

"खाली वाकून बघायचं होतंस."

"तूच बघायचं होतंस."

थोरल्याने टेबलाच्या खणातून दुसरी पट्टी काढली, गंज घासला आणि एकट्याने दोन बोल्ट आवळले. डाव्या हाताने बोल्ट धरून उजव्याने पाना फिरवताना त्याला त्रास होत होता. धाकट्याला 'जरा धर' म्हटलं असतं तर त्याने धरलंही असतं कदाचित. पण म्हटलं नाही, आणि त्यानेही धरलं नाही.

मग किल्ली. तापलेलं, दोनशे पाच दाबाचं इंजिन अर्ध्या फेऱ्यात चालू झालं आणि मऊ, एकसारखं गुरगुरत राहिलं. इतकं सुरेख इंजिन धाकट्याने आयुष्यात दुसरं केलं नव्हतं, हे थोरल्याला मनातल्या मनात मान्य करावं लागलं.

"झालं, आई," धाकटा घाईघाईने म्हणाला. "चल, नेतो तुला."

आई हलली नाही. "किती वेळ लागला ते लावायला?"

"पाच मिनिटं असतील."

"त्या दिवशी जुनाच सेल्फ असता आणि एवढं लावलेलं असतं, तर झाली असती गाडी चालू?"

धाकट्याने थोरल्याकडे पाहिलं. या प्रश्नाचं उत्तर तारवाल्याचं होतं.

"झाली असती," थोरला म्हणाला.

"म्हणजे चूक कुणाची?"

इंजिन चालूच होतं. थोरला बोलला. "दोघांची."

आईने मान हलवली, भाजीचा भाव ऐकून हलवावी तशी.

"सात वर्षं मी तुमच्या दोघांच्या घरचं जेवले," ती म्हणाली. "एक म्हणायचा त्याने मारलं, दुसरा म्हणायचा याने मारलं. मी कधी विचारलं नाही खरं कोण. भीती वाटायची म्हणून नाही. दोघांतला एक खोटा असला तर दुसरा खरा आहे ना, एक तरी पोरगं निर्दोष आहे ना आपलं, एवढ्यावर घास उतरायचा माझा. कुठलं ते नव्हतं बघायचं मला."

तिने पिशवी उचलली. धाकट्याने दार धरलं, थोरल्याने हात पुढे केला. ती दुसऱ्या बाजूच्या दाराने उतरली.

"आई, फाटक," धाकटा म्हणाला.

"राहू दे."

जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबत ती वर गेली. दुपारचं ताट थोरल्याच्या घरून गेलं ते तसंच परत आलं. संध्याकाळी धाकट्याकडचंही आलं.